घरच्या घरी बॉडी रिग: कॅमेरा नटाच्या अंगावर बांधायचाय, मदत हवी

तिसरी_घंटा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या हौशी नाटकवाल्या टोळीने पदरमोड करून एक लघुपट करायला घेतलाय. त्यातला एक शॉट माझ्या डोक्यात घट्ट बसलाय. नायकाच्या कानाला फोन, पलीकडून बातमी येते आणि तो इथल्या, कोल्हापूरच्या, महाद्वार रोडच्या गर्दीतून चालत सुटतो. चेहरा चौकटीत जागच्या जागी खिळलेला आणि मागे दुकानं, फुलवाले, दुचाक्या, अख्खा रस्ता हेलकावे खातोय. कॅमेरा नटाच्या अंगालाच बांधलेला असतो आणि त्याच्याच तोंडाकडे रोखलेला असतो, तो प्रकार.

तयार रिग भाड्याने मिळतो. पण तो मुंबईहून आणा, डिपॉझिट भरा, आणि एवढं करून आमच्या नटाच्या बांध्याला बसेल याची खात्री नाही. इथे उद्यमनगरात मित्राचं वर्कशॉप आहे. लेथ, ड्रिल, वेल्डिंग सगळं हाताशी. म्हटलं, आपणच करू.

आराखडा सांगतो. पोटाच्या वरच्या भागावर १२ मिमी प्लायवूडची पाटी, आतून फोम, वरून ढगळ शर्ट. पाटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांतून १९ मिमीचे दोन अॅल्युमिनियम पाईप निघतात आणि पुढे निमुळते होत कॅमेऱ्याखालच्या आडव्या पट्टीला भिडतात. चेहऱ्यापासून कॅमेरा ६० सेंमी. कॅमेरा एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा मिररलेस, लेन्स १६ मिमी, दोन्ही मिळून ८०० ग्रॅमच्या आसपास. या अंतरावर चौकटीत उभी जेमतेम ५० सेंमी जागा येते, म्हणजे डोक्यावर थोडी हवा आणि खाली छातीच्या मध्यापर्यंत. पाईप हनुवटीपासून ४० सेंमी खालून वर चढवले तर चौकटीत येत नाहीत, कागदावर काढून बघितलंय.

पाईप डुगडुगतील का? पाठीवर उलट वजन लावावं का? आणि पाटी बांधायची कशी? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

भिंगरी_७२

एवढा खटाटोप कशाला? छातीवर गिंबल लावा, विषय संपला.

पाव_इंची

गिंबलचं कुणीतरी सविस्तर सांगेलच, मी नटबोल्टावर बोलतो. वर्कशॉपवाल्या मित्राला आधीच बजावून ठेवा: कॅमेऱ्याच्या बुडाला एम-६ बोल्ट लावायचा नाही. दिसायला सारखाच दिसतो, दोन फेरे आतही जातो आणि मग आटे खातो. कॅमेऱ्याचं भोक पाव इंची असतं, आपल्या भाषेत दोन सुती, इंचाला २० आटे. एम-६ चा व्यास ६ मिमी, याचा ६.३५. शिवाय आट्यांमधलं अंतर वेगळं, एम-६ ला १ मिमी आणि याला १.२७.

हार्डवेअरच्या दुकानात 'दोन सुती बीएसडब्ल्यू' (जुन्या ब्रिटिश मापाचा आटा) म्हणून मागा, बसतो. आट्याचा कोन किंचित वेगळा असतो (तिकडे ५५ अंश, कॅमेऱ्याच्या हल्लीच्या आट्याला ६०), पण आटे तेवढेच असल्यामुळे काम भागतं. ट्रायपॉडच्या मुंडीला खालून लागतो तो बहुतेक वेळा तीन सुती. दोन्ही घेऊन ठेवा.

आणि लांबी! पट्टीच्या वर बोल्ट ५ मिमीपेक्षा जास्त डोकावता कामा नये. त्याहून लांब बोल्ट पान्याने आवळलात तर कॅमेऱ्याच्या पोटात काय होईल ते सांगायला नको. वायसर घालून लांबी जमवा, पट्टी आणि कॅमेरा यांच्यात सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवा, आणि हाताने आवळा. पाईपच्या सगळ्या जोडांना मात्र नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले). साधे नट चालताना सैल होतात आणि मग दिवसभर 'कुठून वाजतंय' हा एकच उद्योग राहतो.

दगडफूल

@भिंगरी_७२, गिंबल इथे उलटा पडतो. गिंबल कॅमेऱ्याचा कल जमिनीच्या हिशेबाने स्थिर धरतो. म्हणजे चालताना नटाचं धड कलणार-वळणार, कॅमेरा कलणार नाही, आणि चेहरा चौकटीत उड्या मारणार. आपल्याला हवंय नेमकं विरुद्ध. नट हलला की कॅमेरा तेवढाच, त्याच दिशेने हलला पाहिजे. चेहरा स्थिर आणि जग हलतं, एवढंच या शॉटचं गुपित.

त्याच कारणासाठी कॅमेऱ्यातलं आणि लेन्समधलं स्टॅबिलायझेशन दोन्ही बंद करा. आतल्या जायरोला (हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरला) वाटतं की हात थरथरतोय, म्हणून तो चित्र सरकवून हलणं भरून काढायला जातो, आणि शहाणपणा करून चेहराच हलवून ठेवतो. फोनवर करणाऱ्यांनी तर हे आधी तपासा, काही फोनमध्ये ते बंद करायची सोय नेहमीच्या कॅमेरा अॅपमध्ये नसते, वेगळं अॅप लागतं.

आता डुगडुग. एका टोकाला धरलेली दांडी वजनाने किती वाकते हे तिच्या लांबीच्या घनावर ठरतं. ६० सेंमीची ७५ केलीत की वाकणं जवळपास दुप्पट. म्हणून लांब दांडी आणि मोठी लेन्स यापेक्षा आखूड दांडी आणि वाइड लेन्स, हा तुमचा निर्णय बरोबर आहे. पाईपचा व्यासही बरोबर. भिंतीची जाडी दीड मिमी तीच ठेवून १२ ऐवजी १९ चा पाईप घेतला तर ताठपणा चौपटीहून जास्त वाढतो, आणि ७० सेंमीच्या दोन पाईपांचं वजन सव्वातीनशे ग्रॅमच्या आतच राहतं. लोखंड घ्यायचा मोह नको. ते तिप्पट ताठ असतं, पण वजनालाही तिप्पट.

पीव्हीसी पाईप मात्र नको. मापं ठरवायला, बसतंय का बघायला ठीक. चित्रीकरणाला नेलात तर पावलागणिक थरथरेल.

दोन पाईप निमुळते घेतलेत त्यामुळे डावी-उजवी डुगडुग आटोक्यात राहील. वरखाली अजून होईलच. पाटीच्या वरच्या कडेपासून पाईपांच्या मध्यापर्यंत तिसरा बारीक आधार द्या, कैचीसारखा. त्रिकोण झाला की बाजू नुसत्या ताणल्या आणि दाबल्या जातात, वाकत नाहीत. हा आधार चौकटीच्या खालच्या रेषेच्या आत येत नाही ना, ते मात्र पुन्हा कागदावर काढून बघा.

रंकाळ्यावरचा_बगळा

भावा, विषय हार्ड! कोल्हापुरात घरी कॅमेऱ्याची खटपट करणं म्हणजे आपल्या रक्तातलंच. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास आख्खा कॅमेराच बनवला होता. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची 'सैरंध्री' आली १९२० ला. आपल्याला नुसते दोन पाईप जोडायचेत. महाद्वारला शूटिंगला हाक मार, गर्दी आवरायला पोरं घेऊन येतो.

नागपुरी_संत्रं

भाऊ, उलट वजन लावाच. पुढे किलोभर आहे ६० सेंमीवर, तर पाठीमागे ३० सेंमीवर दोन किलो. हिशेब सरळ.

दगडफूल

@नागपुरी_संत्रं, हिशेब सरळ आहे, पण पाठीमागे ३० सेंमीवर वजन धरायला तिकडेही तशीच ताठ दांडी लागेल, आणि ती कमरेभोवतून पुढच्या पाटीला जोडावी लागेल. नुसतं सॅकमध्ये वजन टाकलं तर ते पाठीला चिकटून राहतं, ३० सेंमी कुठून मिळणार?

भार किती आहे तेही बघू. लेन्स, पट्टी, नटबोल्ट धरून १ किलो. १ किलो गुणिले ६० म्हणजे ६० किलो-सेंमी. हा पाटीला पुढे कलंडवतो. वरची कड छातीपासून सुटायला बघते, खालची पोटात रुतते. वरचा पट्टा आणि कमरेचा पट्टा यांच्यात ४० सेंमी अंतर ठेवलंत तर वर दीड किलोचा ओढा आणि खाली दीड किलोचा रेटा. धडधाकट माणसाला हे काहीच नाही. त्यासाठी अंगावर आणखी दोन किलो चढवले तर नटाची चाल बदलते, आणि ती चेहऱ्यावर दिसते.

वजन पाठीवर न्यायचंच असेल तर पुढचं कमी करून न्या. २००८ च्या 'स्लमडॉग मिलियनेअर'साठी त्याचा छायाचित्रकार अँथनी डॉड मँटलने मुंबईच्या चिंचोळ्या गल्ल्यांत एसआय-२के कॅमेऱ्याची छोटी मुंडी हातात घेतली होती आणि रेकॉर्डिंगचा संगणक पाठीवरच्या पिशवीत ठेवला होता. तुमच्या बाबतीत मॉनिटर, मोठी बॅटरी, वायरलेस असलं काही लावणार असाल तर ते सगळं मागे टाका.

नागपुरी_संत्रं

दोन किलोने कोणाची चाल बदलते हो? आमच्याकडे पोट्टे पाठीवर दप्तरं नेतात ती पाच-पाच किलोची. पण ठीक आहे, दांडीचा मुद्दा मान्य.

शिलाई_मशीन

मी नाशिकला सॅक, कॅमेरा बॅगा आणि ट्रेकिंगचे पट्टे शिवते. वरची सगळी चर्चा पाईपांची झाली, पण पाईप कुठे हलतात? हलते ती पाटी, अंगावर. तुम्ही लोखंडाचा बांधा नाहीतर सोन्याचा, पाटी अंगावरून एक बोट सरकली की कॅमेऱ्याशी ती पाच बोटं झालेली असते. निम्मी मेहनत पट्ट्यांवर करा.

सॅकसारखे दोन खांदापट्टे पुरत नाहीत. खांदापट्टा पाटीला खाली घसरू देत नाही, पण दगडफूल म्हणतात तो पुढचा ओढा त्याला नीट धरता येत नाही. त्यासाठी पाटीच्या वरच्या कडेतून काखेखालून पाठीमागे जाणारा आडवा पट्टा हवाच. खांद्यावरून येणारे दोन पट्टे पाठीवर फुलीसारखे ओलांडून याच आडव्या पट्ट्याला शिवून टाका, आणि ओलांडतात तिथे तळहाताएवढा चामड्याचा किंवा जाड रेक्झिनचा तुकडा, नाहीतर दहा मिनिटांत पट्टे मानेकडे चढतात. कमरेचा पट्टा रुंद, निदान चार इंची, आणि तो पोटावर नाही तर कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. भार तिथे उतरतो.

पट्टा नायलॉनचा घ्या, दीड इंची, पण बघून. हाताने ताणल्यावर लांबतो तो नको. शिवण चौकोन आणि आत फुली, चप्पलवाला किंवा बॅग दुरुस्तीवाला जाड दोऱ्याने मारून देईल, घरच्या मशीनची सुई मोडेल. वेल्क्रोवर भार टाकू नका, तो फक्त शेपट्या आवरायला. फोम मऊ उशीतला नको, दाबला की बसतो आणि पट्टे सैल पडतात. योगाच्या चटईसारखा घट्ट ईव्हीए घ्या. आतला सदरा सुती ठेवा, गुळगुळीत टेरिकॉटवरून पाटी सरकते.

आणि कुणी विचारलं नाही म्हणून मीच सांगते. नायिकेसाठी करणार असाल तर हीच पाटी छोटी करून चालत नाही. वरची कड छातीच्या खाली संपली पाहिजे, आणि वरचा आडवा पट्टा ब्राच्या पट्टीच्या रेषेत जातो. मापं घेताना एखादी बाई ग्रुपमध्ये असू द्या. हल्ली हे सांगावं लागू नये, पण लागतं.

तिसरी_घंटा

@शिलाई_मशीन, मावशी (की ताई?), हे वाचून आराखड्याचा कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला नव्याने काढायला घेतलाय. पाठीवरच्या फुलीचा फोटो टाकाल का?

शिलाई_मशीन

ताई चालेल. फोटो व्यनि (खासगी निरोप) करते. आधी नटाचे पाच आकडे पाठवा: छातीचा घेर, छातीखालचा घेर, कमरेच्या हाडावरचा घेर, खांद्यापासून कमरेपर्यंत पुढून आणि तेच मागून. श्वास भरून एकदा आणि सोडून एकदा. छातीखालच्या घेरात फरक असतो, आणि तोच तुमच्या शॉटमध्ये दिसणार आहे.

अर्धा_पडदा

श्वासाचा मुद्दा भारी आहे. थोडा इतिहास, नको असेल तर पुढे सरका. या यंत्राचं स्नोरीकॅम हे नाव आइनार स्नोरी आणि एइदुर स्नोरी या आइसलँडच्या जोडीवरून पडलं. दिग्दर्शक डॅरेन अॅरोनॉफ्स्कीच्या १९९८ च्या 'पाय'ने आणि २००० च्या 'रेक्विम फॉर अ ड्रीम'ने ते सगळ्यांच्या तोंडी केलं. पण नटाला कॅमेरा बांधणं त्याच्या कितीतरी आधीचं. १९६६ च्या 'सेकंड्स'मध्ये छायाचित्रकार जेम्स वाँग हाऊने केलंय, १९७३ च्या 'मीन स्ट्रीट्स'मध्ये हार्वी कायटेल झिंगून पडतो तो शॉट तसाच आहे.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी: माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटलेला असतो. दारू, नशा, भीती. तुमचा फोनवाला प्रसंग त्यात बसतो. पण मन भरत नाही म्हणून आणखी दोन ठिकाणी वापराल तर त्याची लग्नाची व्हिडिओ कॅसेट होईल. एकदाच वापरा, आणि मनाला वाटतंय त्याच्या निम्म्या लांबीचा ठेवा.

लाइट_जा_पुढे

मी सेटवर काम करतो, मुंबईत. कारागिरी तुम्ही बघून घ्याल. दोन शब्द सुरक्षेचे.

या रिगमधला नट आंधळा असतो. समोर ६० सेंमीवर कॅमेरा, नजर लेन्सच्या कडेला, आणि स्वतःची पावलं त्याला अजिबात दिसत नाहीत. एक माणूस कायम त्याच्या समोरून, कॅमेऱ्याच्या मागे उलटा चालणारा हवा (तो कॅमेऱ्याला दिसत नाही, चिंता नको) आणि त्या उलट्या चालणाऱ्याला धरणारा आणखी एक. रस्ता आदल्या दिवशी दोघांनी चालून बघायचा, खड्डे, गटाराची झाकणं, केळीच्या साली सकट. जिना नको. धावणं नको. रहदारीचा रस्ता तर नकोच.

पुढे तोंडावर पडला तर हात जमिनीला टेकायच्या आधी पाईप टेकणार आणि पाटी बरगड्यांत घुसणार. म्हणून पाईपांची टोकं उघडी ठेवू नका, रबरी बूच घाला. सगळे पट्टे क्लिकच्या बकलने लावा, आणि बाजूच्या माणसाला एका हाताने सोडवता आलं पाहिजे. गाठी मारून, सेलोटेप गुंडाळून माणसाला बांधलेलं मी पाहिलंय, तो पाणी प्यायलासुद्धा सुटू शकत नव्हता. कॅमेऱ्याला वेगळी दोरी, पाटीपर्यंत.

परवानगी काढा. स्थानिक पोलीस ठाणं, महापालिका. महाद्वार रोडला, अंबाबाईच्या देवळाच्या जवळ करताय म्हणून देवस्थानालाही विचारा. लोकलमध्ये किंवा स्टेशनवर करायची कुणाला हुक्की आली तर रेल्वेची लेखी परवानगी लागते, आणि 'फोनच तर आहे' हे कारण तिथे चालत नाही.

भिंगरी_७२

गिंबल मागे घेतो. आवाजाचं काय? पाटीखाली कॉलर माइक लावला तर करकर येणार.

अर्धा_पडदा

येणारच. प्लाय, पट्टा, श्वास सगळं ऐकू येतं. कॅमेऱ्याचा आवाज फक्त जुळवणीपुरता ठेवा. संवाद असतील तर त्याच चालीत, रिग उतरवून, लगेच तिथेच रेकॉर्डरवर बोलून घ्या. नटाला लय लक्षात असते तोवर. गर्दीचा आवाज वेगळा, तोही त्याच रस्त्यावरचा.

उन्हाचं बघा. सूर्य नटाच्या समोर असेल तर कॅमेऱ्याची सावली थेट छातीवर नाहीतर तोंडावर. आणि चष्मा असेल तर काचेत पाईप दिसतील. फोकस हाताने लावून चिकटपट्टीने बांधून टाका, अंतर बदलतच नाही. लेन्सचं छिद्र एफ ५.६ ठेवलात तर मान थोडी पुढेमागे झाली तरी चेहरा सुटत नाही. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५०, म्हणजे दुकानांच्या ट्यूबलाइटही लुकलुकणार नाहीत.

तिसरी_घंटा

मंडळी, रिग तयार झाला. वर्कशॉपच्या मागच्या गल्लीत चाचणी घेतली. वृत्तांत देतो.

पट्टे ताईंच्या मापाने इथल्या बॅगवाल्याकडून शिवून घेतले. पाटीची वरची कड एक इंच खाली आणली, त्यामुळे ती बरगड्यांच्या हलत्या भागातून बाहेर आली. तिसरा आधार लावल्यावर वरखाली डुगडुग जवळपास गेली. संथ चालीत चेहरा इतका स्थिर येतो की पहिल्यांदा बघताना मित्र म्हणाला, 'मागं पडदा सरकवलाय काय?' भरभर चालताना टाच आपटली की बारीक हिसका येतो. नटाला जाड सोलाचे कॅनव्हासचे बूट दिले, बराच कमी झाला.

मान मात्र हलते. ती कशाला बांधलेली नाही. आधी मला ते खटकत होतं, आता आवडायला लागलंय. धड आणि कॅमेरा एक झालेत आणि डोकं तेवढं त्याच्या मालकीचं राहिलंय. बातमी ऐकल्यावर तो मान किंचित खाली घेतो तेव्हा चौकटीत वर मोकळी जागा पडते, तिथून मागचं आभाळ सरकताना दिसतं. ठरवून मिळालं नसतं.

नटाचं म्हणणं वेगळंच आहे. त्याला रंगमंचाची सवय. तो म्हणतो, समोर सतत लेन्स असली की प्रेक्षक नाकाला चिकटल्यासारखा वाटतो, आणि मग आवाज आपोआप खाली येतो, हात विसरायला होतात. पंधरा मिनिटांनी पोटाला घाम, पाटी सरकायला लागते. तेव्हा दोन टेकमध्ये रिग पूर्ण उतरवायचा, सदरा बदलायचा, असं ठरवलंय.

वजन पाठीवर काहीच लावलं नाही. नागपूरकरांनी राग मानू नये.

नागपुरी_संत्रं

राग नाही भाऊ, शॉट दाखवा.

लाइट_जा_पुढे

चित्रीकरण किती वाजता? महाद्वारला संध्याकाळी करणार असाल तर दोन माणसांनी भागणार नाही, निदान पाच लावा.

तिसरी_घंटा

सकाळी. दुकानं उघडताना, फुलवाले बसलेले असतात आणि दुचाक्या कमी. ठाण्यात अर्ज दिलाय. बगळ्याची पोरं धरून सहा जण आहोत.

सुटी_कॅसेट

उशिरा आले. मी शाळेत चित्रकला शिकवते, मुलांना फोनवर हाच प्रयोग करून द्यायचाय. फोन २०० ग्रॅमचा, तर एवढं सगळं लागेल का?

पाव_इंची

नाही लागणार. ६ मिमी प्लाय, १२ मिमीचे दोन पाईप, ५० सेंमी. फोनचा क्लॅम्प बाजारात मिळतो, त्याला खाली दोन सुतीच भोक असतं. मागचा कॅमेरा चेहऱ्याकडे ठेवा. फोनवर दगडफूल म्हणाले ते स्टॅबिलायझेशन बंद करायला विसरू नका.

शिलाई_मशीन

पट्टे तरी चारही बाजूंनी लावा, मुलं असली तरी. मुलं जास्त हलतात. आणि बकल मुलाला स्वतःला उघडता येतं का ते बांधायच्या आधी बघा.